गाभण डुकरिणी लंगडतात: कोबा फोडावा की रबर मॅट टाकावी?

माणदेशी_वराहपालक
नमस्कार मंडळी. पिंजरे काढून गाभण माद्यांसाठी मोठे कप्पे केले. माद्या मोकळ्या फिरतात, पण मागच्या पायाने लंगडणाऱ्या वाढल्यात. सकाळी खाद्य टाकलं की सगळ्या धावत येतात आणि एखादी कोपऱ्यात बसूनच राहते. खाली गवंड्याने घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा कोबा आहे. तो फोडून नवा करू, की मॅट टाकू?

पशुवैद्य_पश्चिम_महाराष्ट्र
फोडाफोडी लगेच नको. मादी आडवी झाली की मागचे खूर ओल्या फडक्याने पुसा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. बाहेरच्या अंगाचं नख आधी तपासा, ते मोठं असतं आणि वजनही त्यावर जास्त येतं. टाच जाड होऊन भेगाळलीय का? तळवा आणि नखाची भिंत जिथे जुळते तिथे काळी चीर आहे का? असं बऱ्याच माद्यांत दिसलं तर जमिनीकडे वळा. सांधा सुजून गरम लागत असेल तर मात्र तो संसर्ग असू शकतो, लगेच डॉक्टर बोलवा. मॅटने तो बरा होत नाही.

घोटलेल्या कोब्यावर मूत सांडलं की मादी घसरते. शिवाय सतत ओल राहिली की नख मऊ पडतं आणि लवकर झिजतं. म्हणून आधी उतार बघा. दहा फुटांना तीन इंच तरी हवा, आणि पाण्याचे निपल (माद्या तोंड लावून पाणी पितात ते नळ) झोपायच्या जागेपासून लांब, नालीच्या बाजूला हवेत. पकड यावी म्हणून कटरने उथळ चरे मारून घ्या, पण चऱ्यांच्या धारदार कडा दगडाने घासल्याशिवाय माद्या आत सोडू नका.

डेन्मार्कवाला_मराठी
मी इथे पिग फार्मवर काम करतो. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०१३ पासून गाभण काळाचा बहुतेक भाग माद्या गटात ठेवणं बंधनकारक आहे. दर मादीमागे साधारण २.२५ चौरस मीटर जागा, त्यातली किमान १.३ चौरस मीटर जमीन सलग भरीव. जाळीचा काँक्रीट स्लॅट (पट्ट्या आणि मधे फटी असलेली जमीन) असेल तर फट २० मिलिमीटरपेक्षा मोठी चालत नाही आणि पट्टी किमान ८० मिलिमीटर रुंद लागते, कारण नख फटीत अडकलं की फाटतंच. दादा, अजून एक बघा: नवीन माद्या एकत्र केल्यावर पहिले एक-दोन दिवस मारामाऱ्या होतात आणि बरेच पाय तेव्हाच जातात. त्या दिवसांसाठी कोरडी, पकड असलेली, पळायला वाव असलेली जागा वेगळी ठेवा.

कोकणकर_शेड
आम्ही झोपायच्या भागात भाताचं तूस जाड थराने टाकतो. तुमच्याकडे उसाचं पाचट बारीक करून चालेल. फक्त बुरशी लागलेलं अजिबात नको. माद्या ते खातात, आणि बुरशीच्या विषाने गाभ जाऊ शकतो. उन्हाळ्यात थर पातळ करा, खालून उष्णता येते.

माणदेशी_वराहपालक
डॉक्टर, खूर बघितले. टाचेला भेगा बऱ्याच जणींना आहेत, सांधे ठीक आहेत. निपल झोपायच्या भिंतीलाच आहेत, तिथेच ओल राहते. मग मॅट घ्यावी का?

पशुवैद्य_पश्चिम_महाराष्ट्र
निपल हलवा, चरे मारा, तूस किंवा पाचट टाका, आणि मगच मॅट. मॅटवर पायाला आराम मिळतो हे खरं, पण नख झिजत नाही म्हणून ते वाढतं, छाटावं लागतं. कडा पक्क्या बसवल्या नाहीत तर माद्या चावून काढतात आणि खाली मूत साचतं. पैसे थोडेच असतील तर ज्या कप्प्यात लंगड्या माद्या वेगळ्या काढून ठेवाल, तिथे आधी टाका. खाद्यात जस्त आणि बायोटिन (एक जीवनसत्त्व) पुरेसं आहे ना, तेही बघून घ्या. पण नवीन नख यायला महिने लागतात, तोवर जमीन कोरडी ठेवा.