होल्स्टरमध्ये ठेवलेल्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरला गंज का लागतो?

महालकर :
आमच्याकडे पणजोबांपासून आलेले, अ‍ॅडम्स पद्धतीचे (जुन्या इंग्रजी बनावटीचे), गोळी-दारू भरायच्या पाच खान्यांचे, टोपीवर, म्हणजे घोडा आपटताच ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या स्फोटक वाटीवर, उडणारे रिव्हॉल्व्हर आहे; त्याची कागदपत्रे वडिलांच्या नावे आहेत. ते वर्षभर मूळच्या चामडी होल्स्टरमध्ये असते आणि दसऱ्याला पूजेपुरते बाहेर निघते. गेल्या दसऱ्याला शिलाई मशीनचे तेल लावून ठेवले होते. परवा, पावसाचा एक थेंबही पडलेला नसताना, काढून पाहिले, तर होल्स्टरची शिवण जिथे टेकते तिथे नळीवर नारिंगी रेघ उमटलेली आहे. नागपूरच्या कोरडठाक उन्हाळ्यात लोखंड गंजले कसे? होल्स्टरला आतून तेल पाजावे का?

इतवारीवाला :
आधी टॉर्च घेऊन पाचही खाने समोरून तपासा आणि निपलवर (टोपी बसवायच्या बारीक नळीवर) जुनी टोपी राहिलेली नाही याची खात्री करा. जुनी दारू कितीही वर्षांनी पेट घेऊ शकते. खान्यात काही भरलेले दिसले तर स्वतः उकरू नका, परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

होल्स्टरला तेल पाजू नका, कारण दोष तिथेच आहे. बाभळीची साल किंवा हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यात आम्ल अंश असतो, शिवाय ते हवेतली ओल शोषून धरून ठेवते, आणि तुम्ही लोखंडावर लावलेले तेल सहा महिन्यांत स्वतःच पिऊन टाकते. म्हणजे ज्या जागी चामडे घट्ट टेकते, त्याच जागी धातू उघडा आणि ओला असतो. पितळी बटनांभोवती हिरवट मेण साचले असेल, तर तोही चामड्यातल्या चरबीचाच परिणाम आहे. शस्त्र तेलाचा हात फिरवलेल्या सुती कापडात आणि होल्स्टर वेगळ्या खणात, असेच ठेवावे.

धंतोलीची सून :
कपाट कुठे आहे, हे तुम्ही सांगितलेले नाही. बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी असली, तरी एप्रिल-मेमध्ये आपल्या घरात दिवसरात्र कूलर चालतो आणि खिडकी पुरेशी उघडी नसेल तर खोलीतला दमटपणा श्रावणासारखा होतो. सासऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकीला आमच्याकडे पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात गंज चढत असे. कपाट आतल्या खोलीत हलवल्यापासून ती तक्रार संपली.

महालकर :
कपाट कूलरच्या अगदी समोर आहे. आणखी एक कबुली द्यायला हवी : घोड्याजवळचा दुसरा डाग नेमका तिथे आहे, जिथे दरवर्षी ओले गंध-कुंकू लावून वर झेंडूचे फूल ठेवले जाते, आणि आरती झाली की शस्त्र तसेच होल्स्टरमध्ये जाते.

सीताबर्डीचा जुना गडी :
कुंकू लावा, पण त्याच संध्याकाळी पुसा. हातांच्या घामातले मीठही तितकेच घातक असते.

एका गोष्टीकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले नाही. या शस्त्रातून कधीतरी बार काढला गेला असेल, तर नुसत्या तेलाचा उपयोग होणार नाही. काळ्या दारूत साधारण ७५ भाग शोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते; ती जळल्यावर उरणारे पोटॅशियमचे क्षार हवेतले पाणी ओढतात, आणि जुन्या टोप्यांमधल्या क्लोरेटपासून मिठाच्या जातकुळीचा क्षार उरतो. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून लाकडी मूठ काढून, नळी आणि खाने गरम साबणपाण्याने धुवायचे, मग स्वच्छ गरम पाण्याने, म्हणजे तापलेले लोखंड लवकर वाळते, आणि लगेच तेल. पाणी म्हटले की लोक घाबरतात. खरा धोका ते आत राहू देण्यात आहे. वाळवायला गच्चीवर नेऊ नका, शेजारी पोलिसांना फोन करतील!

नारिंगी डागावर रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवून जाड कापडाने चोळा. पॉलिश पेपर लावू नका. पांढऱ्या कापडावर भुकटी उतरते तो जिवंत गंज. गुळगुळीत गडद तपकिरी थर उतरत नाही, आणि तो खरवडला तर जुन्या शस्त्राचे मोल जाते.

महालकर :
रॉकेलने रेघ बरीच गेली, तिच्या जागी टाचणीच्या टोकाएवढे तीन खड्डे उरले आहेत. खाने धुताना पहिले पाणी शाईसारखे काळे निघाले. शस्त्र आता आतल्या खोलीत, कापडात आहे. होल्स्टर मात्र दसऱ्याच्या दिवशी त्यासोबत पाटावर असलेच पाहिजे, ही वडिलांची अट मी मान्य केली आहे.