बायबलच्या जुन्या करारातला 'नेफेश' हा हिब्रू शब्द म्हणजे आत्मा का जीव?

रंकाळा_कट्टा:
आमची आज्जी रोज मराठी बायबल वाचायची, तिच्याकडनं ऐकलेलं की देवानं मातीचा माणूस केला आणि नाकात फुंकून आत्मा घातला. आता एमएला सर म्हणतात, जुन्या करारात शरीर वेगळं आत्मा वेगळा असलं काही नाहीच, ते ग्रीकांचं. मग फुंकलं ते काय? कुणी वाचलं असेल तर सोप्यात सांगा की.

गंगावेशकर:
भावा, फुंकला तो श्वास, नेशामा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती २:७ मध्ये, नेफेश आत घातलेला नाहीच, माणूस जिवंत नेफेश 'झाला' असं आहे, आणि पहिल्या अध्यायात मासे, गुरंढोरं यांनापण हाच शब्द. वोल्फ नावाच्या जर्मन अभ्यासकाचं १९७३ चं पुस्तक आहे, तो घशापासनं सुरुवात करतो. नेफेश म्हणजे आधी घसा, मग तहानभूक, मग जीव, मग अख्खा माणूसच. स्तोत्र ६९ मध्ये पाणी नेफेशपर्यंत आलंय म्हणून एकजण देवाला हाका मारतोय, आता हे कोल्हापूरचा २०१९ चा पूर बघितलेल्या माणसाला समजवायला लागतंय व्हय? यशया ५:१४ ला तर शिओल, म्हणजे मेलेल्यांची जागा, नेफेश फाकवून बसलीय, तिथं 'आत्मा' घालून बघ. आपला 'जीव' लई फिट बसतो, जीव कंठाशी येतो, जीव जातो, आणि घरात खाणारे चार जीवपण असतात.

शाहूपुरीची_ताई:
गंगावेशकर, गणना ६:६ ला प्रेतालाही नेफेश म्हटलंय, तिथं 'जीव' कसा बसवणार? आणि सरांचं 'नाहीच' पण जरा जास्तच. २००८ ला तुर्कस्तानात झिंजिर्लीला कतुमुवा नावाच्या अधिकाऱ्याचा शिलालेख सापडला, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, त्यात तो म्हणतो की ह्या दगडात माझा 'नबश' आहे, त्याला मेंढा द्या. शब्द तोच, आणि माणूस मेल्यावर तो दगडात राहतोय!

गंगावेशकर:
प्रेताचं मान्य ताई, तिथं अडकलो. पण कतुमुवा काय हिब्रू नव्हे, शेजारचा. शेजाऱ्याच्या घरात आहे म्हणून आपल्याकडं असंलच असं कुठाय.

रंकाळा_कट्टा:
बरं मग ह्या लोकांचं मन कुठं असायचं?

शाहूपुरीची_ताई:
विचार काळजात. 'लेव' म्हणजे हृदय, पण अक्कल, निर्णय सगळं तिथंच, मेंदूचं नावच नाही. आणि आतनं टोचणी लावायला मूत्रपिंडं, स्तोत्र १६:७ मध्ये रात्री तीच शिकवण देतात.

रंकाळा_कट्टा:
म्हणजे रविवारी मटणवाल्याकडनं आम्ही काळीज-गुर्दा आणतो ते 😂 सरांना सांगतो उद्या.