पहिली नोकरी, पहिला मेकअप : किती, कशावर, कधी

निकाल लागले की सांगलीच्या पेठेत नवे चेहरे दिसायला लागतात. सराफी दुकानाचं काउंटर, साडीचं दुकान, मिरजेतल्या हॉस्पिटलांची रिसेप्शन, कुपवाडच्या कारखान्यांची ऑफिसं. कामावर घेताना 'जरा नीटनेटकं राहायचं' एवढंच सांगतात. नीटनेटकं म्हणजे नक्की किती, ते पोरीनं स्वतः हुडकायचं. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांनी इथं अनुभव लिहावा. एकच विनंती : किस्से नंतर, आधी माप. काय किती घ्यायचं, कशाच्या आधी काय, कुठं बिघडतं आणि का. सातारकरांनीही लिहा, धागा दोन्हीकडचा आहे.

काउंटर सांभाळणारी, हरभट रोड

माधवनगर किंवा कुपवाडहून स्कूटीवर येणारी मुलगी घरून पूर्ण मेकअप करून निघाली, तर निम्मा बेस (फाउंडेशनचा थर) स्कार्फ पुसून घेतो. आधी नाकाचा, मग हनुवटीचा. म्हणून कामाचे दोन भाग करायचे.

घरी : तोंड धुऊन वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर, पाच मिनिटं थांबून सनस्क्रीन. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला मिळून लागतं. निम्मं लावलं तर डबीवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचं माप) 50 लिहिलेलं असलं तरी 50 मिळत नाही, कारण तो आकडा एवढ्या जाड थरावर मोजलेला असतो. पंधरा मिनिटं सुकू द्यायचं आणि मगच स्कार्फ. स्कार्फ मऊ सुती, आणि रोज धुतलेला. कालचं सनस्क्रीन, घाम आणि धूळ आज परत गालाला चोळली की हनुवटीच्या कडेला फोड येतात, आणि दोष मात्र फाउंडेशनला जातो.

दुकानात : दहा मिनिटं आधी पोहोचा. घाम टिश्यूनं दाबून टिपा, घासू नका. फाउंडेशन हरभऱ्याच्या डाळीएवढं पुरतं. दोन्ही गाल, नाकाच्या बाजू, हनुवटी इथं ठिपके, आणि स्पंजवर जे उरेल ते कपाळाला. कपाळापासून सुरुवात केली तर केसांच्या कडेला पट्टा उमटतो. स्पंज भिजवून पिळायचा, मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून परत पिळायचा. पाणी राहिलं तर बेसवर ओघळ येतात. कॉम्पॅक्ट (दाबलेली पावडर) फक्त नाक, भुवयांच्या मध्ये आणि हनुवटीवर. गालाला फासली की दुपारी तीनला चेहरा पिठाळ दिसतो.

उजेडाचंही बघा. सोन्याच्या काउंटरवर पिवळे दिवे असतात, चांदी-हिऱ्याकडं पांढरे. पिवळ्यात नारिंगी झाकेची लिपस्टिक फिकी पडते, पांढऱ्यात चुकीच्या शेडचं फाउंडेशन लगेच कळतं. ड्यूटी कुठल्या काउंटरला आहे ते विचारून तिथल्याच आरशात एकदा बघून घ्या.

आणि हात. गिऱ्हाईक तुमच्या तोंडाकडं कमी, बांगडी धरलेल्या बोटांकडं जास्त बघतं. टवके उडालेल्या लाल नेलपॉलिशपेक्षा कापलेली, कानसलेली नखं आणि पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात बरा.

पार्लर, विश्रामबाग

वरच्या ताईंनी शेडचं ओझरतं लिहिलंय, खरी गोची तिथंच आहे. मुली मनगटावर शेड बघतात. मनगट चेहऱ्यापेक्षा उजळ असतं, मग शेड एक पायरी पांढरी येते आणि चेहरा मानेपासून सुटा दिसतो. जबड्याच्या कडेवर, गालाकडून मानेकडं, तीन शेडच्या तीन रेघा ओढा. दुकानाबाहेर उजेडात या आणि पंधरा मिनिटं तशाच फिरा. बऱ्याच फाउंडेशनचा रंग हवा आणि त्वचेचं तेल लागून काळवंडतो. लावल्याबरोबर जी बरोबर वाटते ती नंतर गडद होते. पंधरा मिनिटांनी जी रेघ दिसेनाशी झाली ती आपली.

चेहरा राखाडी दिसतोय ही तक्रार आमच्याकडं आठवड्याला येते. कारणं दोन. एक, गुलाबी झाकेची शेड. आपल्याकडं बहुतेकींना पिवळट किंवा सोनेरी झाक लागते. दुसरं, डोळ्यांखालच्या काळ्यावर थेट उजळ कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम). काळ्यावर पांढरं चढवलं की राखाडीच होणार. आधी नारिंगी करेक्टर (काळेपणा मारणारं रंगीत क्रीम), पण तांदळाच्या दाण्याएवढाच, आणि फक्त जिथं काळं आहे तिथं, नाकाकडच्या कोपऱ्यात. अनामिकेनं थापटून बसवायचा, वर त्वचेच्याच शेडचं कन्सीलर. करेक्टर डोळ्याखाली सगळीकडं पसरला तर दुपारपर्यंत तो वर डोकावायला लागतो.

चेहऱ्यावर लावलेल्या थरांचे मळासारखे गोळे वळत असतील तर नवीन प्रायमर (फाउंडेशनखाली लावायचा थर) आणायला पळू नका. बहुतेक वेळा खालचा थर सुकलेला नसतो, किंवा खाली सिलिकोनचं प्रायमर आणि वर पाण्याचं फाउंडेशन असतं. डबीमागच्या घटकांच्या यादीत सुरुवातीलाच डायमेथिकोन असेल तर ते सिलिकोनवालं. दोन्ही एकाच जातीचं घ्या. सनस्क्रीन नीट सुकलं असेल तर रोजच्या ड्यूटीला प्रायमर लागतच नाही, असं माझं मत. विकणाऱ्यांना पटणार नाही.

एक आई, तासगाव

पहिला पगार व्हायला महिना आहे. तोवर तिला नेमकं काय घेऊन द्यावं?

कॉस्मेटिकचं दुकान, मारुती रोड

काकू, पाचच वस्तू : सनस्क्रीन, तिच्या शेडचं छोटं फाउंडेशन किंवा बीबी क्रीम (रंग असलेलं हलकं क्रीम), काजळ, ओठांच्याच रंगाच्या जवळची एक लिपस्टिक आणि एक स्पंज. गालाला तीच लिपस्टिक, बोटावर टिपका घेऊन. पॅलेटचा मोठा डबा घेऊ नका, त्यातले चार रंग वापरले जातात आणि वीस वाळतात.

डबीवर उघड्या बरणीचं चित्र आणि त्यात 6 किंवा 12 आकडा असतो. उघडल्यावर तितके महिने चालतं असा त्याचा अर्थ. मस्कारा मात्र तीन महिन्यांत फेकायचा, त्यात काडी रोज आत-बाहेर करून जंतू जातात. घट्ट झाला म्हणून पाणी तर अजिबात घालू नये. बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली नसेल तर वस्तू फुकट मिळाली तरी परत द्या. रस्त्यावर 'फर्स्ट कॉपी' म्हणून मिळते ती लिपस्टिक हातावर घासून बघा. बारीक वाळू लागल्यासारखी वाटली तर तिथंच ठेवा.

आणि ब्रश-स्पंज आठवड्यातून एकदा लहान मुलांच्या शाम्पूनं धुवावेत. ब्रश उभे वाळवले तर पाणी दांड्यात उतरतं, गोंद सुटतो आणि केस झडतात. टेबलाच्या कडेला केस बाहेर काढून आडवे ठेवायचे.

मेडिकल, मिरज

नोकरी लागली की पंधरा दिवसांत मुली काउंटरवर येतात आणि मैत्रिणीनं सांगितलेली 'उजळायची' ट्यूब मागतात. ट्यूबवरची नावं वाचा : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही स्टेरॉइडं आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि घ्यायचीही नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा गुळगुळीत आणि उजळ दिसतो, सगळी फसगत तिथंच होते. मग कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, पुरळ येतं. बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून परत लावली जाते. अशी महिनोन्महिने लावली असेल तर स्वतःच्या मनानं सोडू-धरू नका, त्वचेच्या डॉक्टरकडं ट्यूब घेऊनच जा. बिनलेबलच्या गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडतो, तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडाला त्रास देतो.

टिकलीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असतं. त्यानं कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडू शकतो. युनिफॉर्ममध्ये टिकली असेल तर रात्री काढून ठेवा, जागा थोडी वर-खाली करा. खाज किंवा फिकटपणा दिसला की चिकट टिकली बंद.

कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी पहिल्यांदा लावायची नाही.

हळदीच्या गल्लीतून

सांगलीत राहून हळदीचा विषय नाही असं कसं! आदल्या दिवशी घरच्या लग्नात हळद लागली आणि सकाळी ड्यूटी, असं हमखास होतं. पिवळ्या गालावर फाउंडेशन लावलं तर शेड हिरवट-पिवळी दिसते. साबणानं खसाखसा धुवायला जाऊ नका. साबण अल्कधर्मी असतो आणि हळद त्यात लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेच हे. हळदीतला पिवळा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला सुटतो. कोरड्या चेहऱ्याला चमचाभर खोबरेल, दोन मिनिटं हलकं चोळून ओल्या मऊ कापडानं पुसा, परत एकदा तसंच, मग सौम्य फेसवॉश. उरलेली झाक उन्हानं एक-दोन दिवसांत जाते.

ब्राइडलवाली, सातारा

वर सगळं काउंटरचं झालं. ज्या मुलीची पहिली नोकरीच मेकअप शिकायची आहे, म्हणजे ब्राइडल आर्टिस्टची असिस्टंट, तिच्यासाठी लिहिते.

पहिले तीन महिने ब्रश हातात येत नाही. आलं तर काळजी वाटावी. तोवर किट सांभाळायचं. 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पॅलेट पुसणं. लिपस्टिक थेट ओठाला न लावता पट्टीनं स्टीलच्या प्लेटवर काढणं. मस्काऱ्याची काडी प्रत्येकीला नवी, एकदा बाटलीत बुडवून वापरलेली परत बुडवायची नाही. पेन्सिल प्रत्येक चेहऱ्याआधी तासायची. कोणाचे डोळे आलेले असतील तर त्या चेहऱ्याचे स्पंज धुवायचे नाहीत, टाकायचे.

मग वेळ. मुहूर्तावरून मागं मोजायला शिका. मुहूर्त अकराचा असेल तर नवरी साडेदहाला उठली पाहिजे. नऊवारी नेसवायला 40 मिनिटं, केस 45, चेहरा दीड तास. म्हणजे साडेसातला ती खुर्चीत, आणि असिस्टंट सातला किट मांडून तयार. पाव्हणे येऊन फोटो काढणार, चहा येणार, आत्या केसांत गजरा आपणच माळणार म्हणणार. हे सगळं धरून वर पंधरा मिनिटं जास्तीची, म्हणजे खुर्चीत सव्वासातलाच. अंगात ब्लाउज आधी चढवून घ्यायचा, गळ्यातून काढायचे कपडे मेकअपनंतर ठेवले की बेस गेला.

मुंडावळ्यांचा दोरा कपाळाचा बेस घासतो. कपाळावर पावडर दाबून बसवा, सेटिंग स्प्रे (मेकअप टिकवणारा फवारा) हातभर लांबून मारा, पूर्ण सुकल्यावर मुंडावळ्या. ओल्यावर बांधल्या तर मोत्यांचे ठसे उमटतात आणि ते फोटोत दिसतात. होमाच्या धुरानं डोळ्यांना पाणी येणारच, त्यामुळं मस्कारा वॉटरप्रूफ आणि फक्त वरच्या पापण्यांना. नकली पापणीला गोंद लावला की तीसेक सेकंद थांबायचं, तो चिकट झाला की बसवायची. लगेच बसवली तर ती सरकते आणि पांढरा गोंद डोळ्याच्या कोपऱ्यात जातो. आणि झिंक किंवा टायटॅनियमचं जाड सनस्क्रीन खाली असेल तर फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येतो. दिवसाच्या कार्याला चालतं, रात्रीच्या रिसेप्शनला टाळा.

पैशाचं आधीच बोलून घ्या : महिन्याला की कार्यामागं, आणि कोरेगाव-वाईकडून रात्री परत यायला गाडी कोण देणार. रीतसर शिकायचं असेल तर आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो. तुमच्या जवळच्या कुठल्या आयटीआयला आहे ते प्रवेशाच्या यादीत बघा. दोन दिवसांच्या सेमिनारचं सर्टिफिकेट भिंतीला छान दिसतं.

काजळ-लिपस्टिक, थोडक्यात (विश्रामबाग परत)

काजळ पसरतं ते पापणीच्या तेलामुळं. मॉइश्चरायझर पापणीच्या कडेपर्यंत नेऊ नका. डोळ्याखाली आधी चिमूटभर पावडर, मग काजळ, मग त्याच रेघेवर बारीक ब्रशनं काळी किंवा तपकिरी आयशॅडो दाबा. सुरम्यात शिसं असू शकतं, त्यामुळं जुन्या डबीतला सुरमा रोज नको.

लिक्विड मॅट लिपस्टिक भडंग खाल्लं की जाते. कमी दर्जाची म्हणून जाते असं काही नाही, तेलात ती सुटतेच. डब्यात भडंग असेल तर साधी क्रेयॉन (खडूसारखी) लिपस्टिक बरी, परत लावता येते. मॅटचे दोन जाड थर दिले तर ओठाच्या आतल्या कडेला पापुद्रे सुटतात. एक पातळ थर, दोन मिनिटं तोंड किंचित उघडं, टिश्यूवर दाब, बस्स.

काउंटर, हरभट रोड

काढायचं राहिलं. रात्री घरी पोचल्यावर आधी पाणी मारू नका, ओल्या चेहऱ्यावर तेल किंवा बाम नीट धरत नाही. कोरड्यावरच क्लिन्झिंग बाम किंवा मायसेलर (मेकअप उतरवायचं पाणी), मग फेसवॉश. खोबरेलही चालतं, पण फोड येणाऱ्या त्वचेला ते छिद्रं बुजवतं, त्यांनी टाळावं. डोळ्यावर भिजवलेला कापूस ठेवून वीस आकडे मोजा आणि वरून खाली एकदाच ओढा. कापूस अजून काळा येत असेल तर नवा घ्या, तोच उलटून परत घासू नका.