मदत हवी आहे: बहीण इंग्लंडमध्ये डिपेंडंट व्हिसावर, नवऱ्याचा जाच. ३ महिन्यांची सवलत घ्यावी का?

नमस्कार. माझ्या मावसबहिणीसाठी लिहिते आहे. नाव-गाव मुद्दाम देत नाही, कृपया विचारू नका.

नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर ती डिपेंडंट आहे, सोबत चार वर्षांची मुलगी. मारहाण आहेच, पण तिला जखडून ठेवलंय ते कागदांनी. पासपोर्ट त्याच्या कपाटात. व्हिसाचं कार्ड जाऊन ऑनलाइन ई-व्हिसा आला, तर त्या खात्याला ईमेल आणि मोबाइल दोन्ही त्याचेच. लॉगिन करायला गेलं की कोड त्याच्या फोनवर. स्वतःचा व्हिसा कधी संपतो हेसुद्धा तिला त्याच्या नकळत बघता येत नाही. वर रोजची धमकी, "एक ईमेल टाकला की तू भारतात आणि पोरगी इथे."

घरगुती छळ झालेल्यांना तिथे एक सवलत मिळते: ३ महिन्यांचा स्वतंत्र व्हिसा, सरकारी मदत घ्यायची मुभा, फी नाही. फेब्रुवारी २०२४ पासून ती वर्कर आणि विद्यार्थ्यांच्या जोडीदारांनाही खुली झाली. मेख पुढे आहे. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर बायकोला पुढे कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. वर्करच्या बायकोला तो रस्ताच नाही. शिवाय सवलत घेतली की हातातला व्हिसा जाऊन हे ३ महिनेच उरतात. मार तोच, आणि आधार मात्र नवऱ्याचा व्हिसा बघून! मला हे अजिबात पटत नाही.

तर आधी अर्ज करावा की आधी वकील गाठावा? वर्करच्या बायकांनी ३ महिन्यांनंतर काय केलं? स्वतःच्या नावावर वर्क व्हिसा कुणाला मिळाला का? ती बी.फार्म. आहे. आणि ई-व्हिसा खात्याचा ईमेल बदलला तर जुन्या ईमेलवर सूचना जाते का? याची फार धास्ती वाटते.

मुलीला घेऊन सरळ निघून ये, असं मावशी म्हणते. पण बापाच्या संमतीशिवाय १६ वर्षांखालचं मूल देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा ठरू शकतो, तेव्हा तो सल्ला नको. घरगुती छळासाठीच्या २४ तासांच्या मोफत हेल्पलाइनचा नंबर (०८०८ २००० २४७) तिला दिलाय. पोलिसांकडून माहिती होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला) जाईल या भीतीने ती पोलिसांनाही फोन करायला कचरते.

मराठी किंवा हिंदी बोलणारे, लीगल एडवर (सरकारी खर्चाने) केस घेणारे इमिग्रेशन वकील माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तो ऑफिसला गेला की तेवढ्या वेळातच तिच्याशी बोलता येतं.