घरी प्रिंटर घ्यावा की तालुक्याच्या दुकानातूनच प्रती काढाव्यात?

वाडीवरचा_राजापूरकर

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात खाडीच्या अंगाला असलेल्या एका वाडीत आमचे घर आहे. घरासाठी प्रिंटर घ्यावा की सध्यासारखे तालुक्याला जाऊनच प्रती काढाव्यात, यावर आमच्याकडे काही केल्या एकमत होत नाही. महिन्याला सरासरी ४५ पाने लागतात. त्यांत मुलीच्या दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका असतात, सामाईक जमिनीच्या वाटपासाठी लागणारे सातबारा आणि फेरफार असतात, बँकेचे अर्ज असतात आणि हापूसच्या हंगामात मुंबईला जाणाऱ्या पेट्यांबरोबरच्या याद्याही असतात. रंगीत काम जवळपास नाहीच.

दुकानात मोबाइलवरून पाठवलेल्या फाइलची प्रत पानाला ५ रुपये पडते आणि एस.टी.चे जाणे-येणे ६० रुपयांच्या घरात जाते. मेहुण्यांचे म्हणणे असे की चार हजारांचा साधा प्रिंटर आणावा आणि विषय संपवावा. मला भीती आहे ती पावसाळ्याची: चार महिने भिंतींना ओल असते, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि कपाटातल्या कागदालाही दमट वास येतो. अशा घरात कोणता प्रिंटर टिकतो आणि तो खरोखर स्वस्त पडतो का, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे.

हिशेबनीस_देवगड

आधी मेहुण्यांच्या प्रिंटरचा निकाल लावू. तो चार हजारांना मिळतो, कारण कंपनीची खरी कमाई प्रिंटरवर नसून त्याच्या कार्ट्रिजवर, म्हणजे शाईच्या डबीवर असते. अशा प्रिंटरचे छोटे कार्ट्रिज साधारण १०० ते २०० पाने छापते आणि त्याला सात-आठशे रुपये मोजावे लागतात. म्हणजे कागद सोडून नुसत्या शाईचाच खर्च पानाला चार ते सात रुपयांवर जातो. दुकानदार एवढ्याच पैशांत शाई, कागद आणि वीज तिन्ही देतो. त्यामुळे तो पर्याय विचारातून काढून टाका.

आता राहिलेला हिशेब. सोयीसाठी असे धरा की बारा हजारांचा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घेतला आणि टोनर (लेझरची कोरडी शाई) व कागद मिळून पानाला २ रुपये पडले. दुकानापेक्षा पानामागे ३ रुपये वाचतात, म्हणजे किंमत वसूल व्हायला ४,००० पाने छापावी लागतील. तुमच्या वेगाने त्याला सात वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तेवढ्यात मुलगी पदवीधर होईल. मात्र केवळ प्रतीसाठी महिन्यातून चार वेळा तालुक्याला जावे लागत असेल, तर २४० रुपये भाड्याचेच जातात. ते धरले की महिन्याची बचत १३५ वरून ३७५ रुपयांवर पोहोचते आणि प्रिंटर ३२ महिन्यांत फिटतो. तेव्हा पाने मोजण्याऐवजी फेऱ्या मोजा. बाजार, बँक आणि प्रती ही कामे एकाच फेरीत उरकता येत असतील, तर प्रिंटर हा खर्च आहे. येत नसतील, तर ती बचत आहे.

घ्यायचाच ठरला तर तुमच्या कामासाठी मी लेझर सुचवेन. टोनर ही प्लास्टिकयुक्त बारीक भुकटी असते. ती सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला कागदावर वितळून बसते. त्यात वाळण्यासारखे काही नसल्यामुळे प्रिंटर दोन महिने बंद राहिला तरी पुढचे पान स्वच्छ येते. शिवाय छापलेल्या अर्जावर पागोळीचे पाणी पडले तरी अक्षर फुटत नाही, आणि आपल्याकडे जुलैत कागद कचेरीपर्यंत कोरडा पोहोचेलच याची खात्री कोण देणार?

बजेट कमी असेल तर जुना, दुरुस्त केलेला प्रिंटरही पाहता येईल. कॅनन एलबीपी २९०० हे मॉडेल कितीतरी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. त्याचे ३०३ क्रमांकाचे कार्ट्रिज सुमारे २,००० पानांचे असते आणि ते पुन्हा भरून देणारे सहज सापडतात. मात्र त्याला केवळ यूएसबीची जोडणी आहे, वाय-फाय नाही. घरात संगणक नसेल आणि सर्व काही मोबाइलवरूनच चालत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

गुरुजी_दापोली

हिशेबनीसांचा हिशेब बिनचूक आहे, परंतु त्यात विजेचा विचार राहिला आहे. टोनर वितळवण्यासाठी लेझर प्रिंटर छापताना काहीशे वॅट वीज घेतो आणि सुरू होताना क्षणभर हजाराच्या आसपासही जातो. पंखे आणि दिवे यांच्यासाठी बसवलेला घरगुती इन्व्हर्टर सहसा हा भार पेलत नाही. शाईच्या टाकीचा प्रिंटर मात्र छापताना १० ते २० वॅटवर भागवतो, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडाकडे वीज यायला किती काळ लागला, हे इकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

शाळेच्या सराव पत्रिकांसाठी मी टाकीचाच प्रिंटर वापरतो. काळ्या शाईच्या एका बाटलीवर मॉडेलनुसार साडेचार ते सहा हजार पाने निघतात असे कंपन्या सांगतात, आणि त्या हिशेबाने पानामागे शाईचा खर्च काही पैशांतच राहतो. पण माझे काम महिन्याला तीन-चारशे पानांचे आहे. शाईचा प्रिंटर हाताखाली सतत चालता राहिला तरच तो सुखी असतो. शाई पाण्यात कालवलेली असते आणि ती ज्यांतून कागदावर उडते ती छिद्रे केसाहून बारीक असतात. प्रिंटर पडून राहिला की ती बुजतात. मग ‘हेड क्लीनिंग’, म्हणजे त्या छिद्रांची सफाई करावी लागते, त्यात शाई वाया जाते, आणि ती वाया गेलेली शाई आतल्या स्पंजात साठत राहते. तो भरला की काही मॉडेले छपाई थांबवतात. ज्यांचा हा भाग वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतो अशीही मॉडेले आहेत. दुकानात हे अवश्य विचारा. आठवड्यातून एकदा एखादे पान छापण्याची शिस्त पाळता येत असेल तरच टाकीकडे वळावे.

आणखी एक गोष्ट. टाकीच्या काही प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) असते, तर काहींत डायची (विरघळलेल्या रंगाची). डायची शाई पाण्याचा थेंब पडताच पसरते, पिगमेंटची बरीच टिकते. सातबाऱ्यासाठी घेणार असाल तर हा फरक किमतीइतकाच महत्त्वाचा समजा.

चाकरमानी_डोंबिवली

गावचे घर शिमगा, मे महिना आणि गणपती यांखेरीज बंद असेल, तर गुरुजींचा सल्ला आमच्यासारख्यांनी घेऊ नये एवढेच सांगतो. बंद घरात शाई वाळते, आणि उरलेल्या जागेत पाल संसार थाटते.

झेरॉक्सवाला_लांजा

माझा धंदा प्रती काढण्याचा असल्यामुळे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच मान्य करतो. तरीही काउंटरच्या या बाजूने जे दिसते ते सांगतो, कारण गिऱ्हाइकाचे निम्मे पैसे छपाईच्या दरामुळे जात नाहीत, ते चुकीच्या फाइलमुळे जातात.

फाइल नेहमी पीडीएफ करूनच पाठवावी. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हे दिसू लागतात. पीडीएफमध्ये फाँट सोबत जात असल्यामुळे ही अडचण सहसा येत नाही. पानाचा आकार ए-४ ठेवावा. पुष्कळ मोबाइल ॲप आपणहून ‘लेटर’ आकार धरतात, जो ए-४ पेक्षा १८ मिलिमीटरने आखूड असतो; मग मजकूर लहान होतो किंवा कडेला कापला जातो, आणि पुन्हा प्रत काढावी लागते. कागदपत्राचा नुसता फोटो पाठवण्यापेक्षा स्कॅनच्या ॲपने त्याची पार्श्वभूमी पांढरी करून पाठवावी. टोनरवर लिहिलेली पानांची संख्या पानाचा साधारण ५ टक्के भाग काळा होतो असे धरून काढलेली असते. सावलीसकट काढलेला राखाडी फोटो त्याच्या कितीतरी पट टोनर खातो, आणि मग काही दुकानदार त्याचे जास्त पैसे लावतात. घरच्या प्रिंटरलाही हेच लागू आहे. सराव पत्रिका असतील तर पाठपोट छापायला सांगावे. बऱ्याच ठिकाणी दर थोडा उतरतो, आणि न विचारता कोणी उतरवत नाही.

आधारकार्डाबाबत विशेष सांगणे आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार उतरवून घेता येते, ज्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. जिथे पूर्ण क्रमांक मागितलेला नाही तिथे तेच द्यावे. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. तो व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू नये, दुकानात येऊन स्वतः टाकावा, आणि प्रत हातात पडल्यावर फाइल आपल्यासमोर काढून टाकायला सांगावे. चांगला दुकानदार यावर रागावत नाही.

शेवटी माझ्याच पोटावर पाय देणारे एक वाक्य. प्रत्येक कागदाची प्रत लागतेच असे नाही. डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये संबंधित खात्याने दिलेला वाहन परवाना किंवा गुणपत्रक २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदपत्रासारखेच धरले जाते, आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, ज्यावर तलाठ्याच्या सहीची गरज राहत नाही. समोरच्या कचेरीला पीडीएफ चालते का, हे एका फोनवर कळते.

वाडीवरचा_राजापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. फेऱ्यांच्या दृष्टीने मी विचारच केला नव्हता. गुरुवारी बाजाराला जाणे होतेच, त्यामुळे जमिनीची आणि बँकेची कामे त्या दिवशी एकत्र करता येतील. अडचण आहे ती मुलीच्या पत्रिकांची, कारण शिकवणीचे सर त्या रात्री पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवून मागतात. शेजारच्या दोन घरांतही दहावी-बारावीची मुले आहेत. तिघांनी मिळून एक लेझर घेतला आणि तो आमच्या माडीवर ठेवला, तर महिन्याची पाने दीडशेच्या आसपास जातील. इन्व्हर्टरचा प्रश्न राहतो, पण वीज आल्यावर छापता येईल. कागदाची ओल मात्र कशी सांभाळावी?

हिशेबनीस_देवगड

तिघांत घेणार असाल तर माझा आधीचा हिशेब बाद झाला: पानामागे ३ रुपयांची बचत तीच राहते, पण दीडशे पानांना ती महिन्याला ४५० रुपये होते, म्हणजे कोणाचेही एस.टी.चे भाडे न धरता सव्वादोन वर्षांत पैसे वसूल होतात. वाय-फाय असलेला आणि आपणहून पाठपोट छापणारा प्रिंटर पाहा. टोनर कोणी किती वापरला यावरून पुढे कुरबूर नको असेल, तर शेजारी एक वही ठेवा आणि पानाला २ रुपयांप्रमाणे लिहून ठेवा.

कागदाचे म्हणाल तर ७५ जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचे) ५०० पानांचे रीम घ्या आणि ते वेष्टनातच राहू द्या. त्या वेष्टनाला ओल अडवणारा थर असतो. फोडलेले रीम घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ट्रेमध्ये त्या दिवशी लागतील तेवढीच पाने घाला आणि उरलेली संध्याकाळी डब्यात परत टाका. ओल धरलेला कागद लेझरमधून गेला की वळतो, अडकतो, आणि टोनर त्यावर नीट बसत नाही. लोक मग प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याकडे जातात. प्रिंटर बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, वापर झाला की त्यावर सुती कापड टाका, आणि गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा.