सांधे साफ करायला शोल्डर रंधा घ्यावा का?

काटकोन:
करवतीनं कापलेलं कुसू (पट्टीच्या टोकाची, दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी जीभ) भोकात जात नाही, किंवा गेलं तर खांद्याशी, म्हणजे कुसवाच्या मुळाशी असलेल्या पायरीशी, फट राहते. त्यावर उपाय म्हणून तीन खास रंधे सुचवले जातात: शोल्डर रंधा (खांदा साफ करणारा), राउटर रंधा (खाचेचा तळ एका खोलीवर आणणारा) आणि दोन्ही कडांपर्यंत पातं येणारा ब्लॉक रंधा. कॅनडा-अमेरिकेतला नावाजलेला शोल्डर रंधा दोनशे डॉलरच्या पुढे जातो, वर टपाल आणि सीमाशुल्क वेगळं. हातानं काम शिकणाऱ्यानं हा पैसा घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

खांद्याची फट आखणीत जन्मते. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते, करवत त्या जाडीत कुठेही फिरते. त्याऐवजी गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून धारदार सुरीनं चारही बाजूंनी रेघ मारा. मग टाकाऊ लाकडाच्या बाजूनं पटाशी तिरकी धरून रेघेपर्यंत एक ढलपी काढा. तयार झालेल्या उतरत्या खाचेत करवत आपोआप बसते आणि रेघेची कड शाबूत राहते. तरी थोडं उरलंच, तर २५ मिलिमीटरची पटाशी त्याच सुरीच्या रेघेत टेकवून अर्धं या कडेकडून, अर्धं त्या कडेकडून खाली दाबायचं. आतला भाग, म्हणजे कुसवाच्या मुळाजवळचा, केसभर खोल गेला तरी चालतो. दिसते ती बाहेरची कड.

शिसवी:
एका कुसवासाठी हे बरोबर आहे. पण पॅनेलची चार दारं घ्या. दर दाराला दोन आडव्या पट्ट्या धरल्या तर सोळा कुसवं, म्हणजे बत्तीस लांब खांदे. शिसम किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडात तंतूंच्या टोकांवर पटाशी दाबली की ती सरळ उतरत नाही, मऊ पट्ट्याकडे सरकते. शोल्डर रंध्याचं पातं १५ ते २० अंशांवर निजलेलं असतं, धारेचा उतार वरच्या बाजूला, आणि धारेच्या अगदी मागे पक्का लोखंडी आधार. म्हणून तो तंतूंच्या टोकांवरून कागदासारखी पातळ ढलपी काढतो आणि संपूर्ण खांदा एका पातळीत आणतो.

दुसरा मुद्दा मापाचा. वरच्या आणि खालच्या पट्टीचं खांद्यापासून खांद्यापर्यंतचं अंतर सारखंच हवं. पटाशीनं एका पट्टीत खांदा अर्धा मिलिमीटर जास्त गेला की दार वर अरुंद, खाली रुंद. रंध्यानं एका फेरीत किती निघतं हे ठरलेलं असतं, म्हणून फेऱ्या मोजता येतात.

मात्र क्रम पाळावा लागतो: आधी कुसवाचे गाल, म्हणजे त्याच्या रुंद सपाट बाजू, साफ करायचे, मग खांदा. खांदा घेताना रंधा आडवा होऊन त्याची बाजू गालावर सरकते. गालच तिरका असेल तर खांदाही तिरका होणार. आणि पलीकडच्या कडेपर्यंत रंधा एका दमात नेऊ नका, कड फुटते. दोन्हीकडून मध्यापर्यंत या, किंवा मागे टाकाऊ तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट आवळा.

रेषापट्टी:
तुम्ही दोघं खांद्यावर भांडताय, पण सांधा धरून ठेवतो तो गाल. फेविकॉलसारखा पांढरा गोंद फट भरत नाही. जाड थरात तो कमजोर पडतो. कुसू हाताच्या जोरानं बहुतेक आत जावं, शेवटी मोगरीचे दोन-चार ठोके. पूर्ण वेळ ठोकावं लागलं तर भोकाची भिंत चिरते, आणि सैल पडलं तर गोंदावर भरवसा नाही.

गालासाठी शोल्डर रंधा चुकीचं हत्यार आहे. १८-२० मिलिमीटर रुंदीचा तळ ३५ मिलिमीटर लांब गालावर पट्ट्यापट्ट्यांनी फिरवावा लागतो. त्यात टोकाकडे जास्त निघतं आणि कुसू पाचरीसारखं निमुळतं होतं. तिथे राउटर रंधाच हवा. त्याचा तळ पट्टीच्या मूळ पृष्ठभागावर टेकतो आणि पातं त्या पृष्ठभागाला समांतर कापतं. तळाची दुसरी बाजू अधांतरी राहून डुगडुगते, म्हणून तिच्याखाली त्याच जाडीचा तुकडा ठेवायचा. पुढच्या बाजूचे सगळे गाल एकाच खोलीवर घ्यायचे, मग मागच्या बाजूचे. त्यामुळे चौकटीचा पुढचा चेहरा सपाट जुळतो, सांध्याशी बोटाला पायरी लागत नाही. विकत घ्यायचं तर पहिलं हे.

काटकोन:
राउटर रंध्याची उपयुक्तता मी नाकारत नाही. बिजागरीची दोन-अडीच मिलिमीटरची खाच, फळीसाठी उभ्या बाजूत घेतलेल्या सहा मिलिमीटर खाचेचा तळ, ही कामं त्याच्याइतकी नीट दुसरं काही करत नाही. पण तो घरी बनतो. सागाचा साधारण १५० बाय ७५ बाय ३५ मिलिमीटरचा ठोकळा, मधे आरपार तोंड, आणि आठ मिलिमीटरची एल आकाराची ॲलन चावी. आखूड बाहूच्या टोकाला धार, लांब बाहू उभ्या खाचेत, बाजूनं बोल्टनं आवळायचा. धार लावताना घासचक्रावर दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. चावी निळी पडली की तिचा कडकपणा गेला, धार टिकणार नाही. तळाशी धार किंचित खाली झुकलेली हवी, टाच टेकली तर पातं कापतच नाही, नुसतं घासतं.

आणि रेषापट्टी, तुमच्या पद्धतीत एक अट राहिली. मागचा गाल मागच्या पृष्ठभागावरून मोजला की पट्टीच्या जाडीतला फरक थेट कुसवात उतरतो. एक पट्टी २० मिलिमीटर आणि दुसरी १९.७ असेल तर दुसरं कुसू ०.३ मिलिमीटर बारीक, म्हणजे सैल. आधी सगळं लाकूड एका जाडीला आणलं नसेल तर महागडा राउटर रंधाही सांधा वाचवत नाही.

रेषापट्टी:
मान्य. जाडी सारखी नसेल तर पुढचे गाल राउटर रंध्यानं घ्या आणि मागचे भोकात बसवून पाहत एकेक.

गावसुतार:
आपल्याकडचा पताम रंधा कुणी आठवलाच नाही. चौकटीला पताम (कडेची पायरीसारखी खाच) काढायचा लाकडी रंधा, पातं दोन्ही बाजूंना भिडलेलं, पाचरीनं आवळलेलं. किंमत परदेशी रंध्याच्या पासंगालाही लागत नाही. गालावर तो चालतो, पण आधी आडव्या तंतूंवर सुरीनं रेघ मारून घ्या, नाहीतर कड उचकटते. खांद्यावर मात्र तो मी सुचवणार नाही. पातं उभं असतं आणि तोंड रुंद, त्यामुळे तंतूंची टोकं कापली न जाता चुरडतात. शिवाय पावसाळ्यात अंग फुगतं आणि बाजू तळाशी काटकोनात राहत नाही. गौरी-गणपतीनंतर एकदा गुण्या लावून पाहाच.

शिसवी:
बाजू तळाशी काटकोनात असण्याची गोष्ट लोखंडी रंध्यालाही लागू आहे, म्हणून स्वस्त शोल्डर रंधा घेऊ नका. घेताना दोन गोष्टी तपासा. तळ आणि दोन्ही बाजू यांत गुण्या लावून उजेड दिसतो का. आणि पातं अंगापेक्षा किंचित रुंद आहे का, दर बाजूला केसाइतकं. ते अंगापेक्षा आत असेल तर रंधा कोपऱ्यापर्यंत कापत नाही. दर फेरीत एक बारीक पायरी सुटते आणि फेऱ्या वाढतील तसा खांदा गालापासून दूर सरकतो. फार बाहेर असेल तर गालावर ओरखडे. पात्याची बाजू धारेच्या दगडावर घासून हे जुळवता येतं, पण अंग वाकडं असेल तर ते घरी सरळ करणं कठीण.

बत्तीस खांद्यांचं काम वर्षातून दोनदा असेल, तर मी अजूनही घ्या म्हणेन.

काटकोन:
वर्षातून दोनदा असेल तर घ्या. पहिलं दार करणाऱ्यानं ते पैसे चांगल्या करवतीत आणि पटाशीच्या दगडात घालावेत, कारण शोल्डर रंध्याच्या पात्यालाही तोच दगड लागतो. सागात सिलिका (वाळूसारखे कठीण कण) असते, धार लवकर बोथट होते. आठ-दहा खांद्यांनंतर पातं पुन्हा दगडावर न्यायची तयारी नसेल तर रंधा पटाशीपेक्षा वाईट काम करतो.