नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइल्स साठवायचा हार्ड डिस्कचा डबा) राउटरपासून लांब ठेवायचा आहे, केबल कशी न्यावी?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

आमचं घर नागपुरात महाल भागात आहे, जुनं, जाड भिंतींचं. फायबर समोरच्या खोलीत येतं, राउटरही तिथेच. पण ती खोली पश्चिमेची. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की तिथे हार्ड डिस्क ठेवायची हिंमत होत नाही, त्यात खिडकीला कूलर, म्हणजे दमट हवा. म्हणून नॅस मागच्या खोलीत हलवायचा आहे. बाबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज त्यावर आहेत, जिवापाड जपायची आहेत.

मेशचा नोड (राउटरचं वाय-फाय पुढे पोचवणारा जोड-डबा) मागे ठेवून त्याच्या लॅन पोर्टला नॅस जोडून पाहिला. चालतो, पण कॉपीचा वेग सेकंदाला ८-१० एमबी. तोच थेट राउटरला लावला की ११० पर्यंत जातो. नोडचं पोर्ट गिगाबिटच आहे, एवढा वेग झेपणारं, म्हणजे मार भिंतींचाच असावा.

तेव्हा कॅट ६ (नेटवर्कची तांब्याची केबल) टाकावी असं मन म्हणतंय. अंतर २५-३० मीटर, १०० मीटरच्या मर्यादेत आरामात बसतं. अडचण मार्गाची. लाइटच्या पाइपातून केबल न्यायची नाही, हे पक्कं. उरते गच्ची. तिथे ऊन आणि पावसाळ्यात विजा.

गच्चीवरून आउटडोअर केबल नेलेल्यांनी सांगा: सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून उपकरणं वाचवणारा) दोन्ही टोकांना लावला का? की विजेचा धोकाच नको म्हणून मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलचा सिग्नल फायबरसाठी बदलणारी डबी) लावून फायबर टाकणं बरं? शिवाय हे काम नीट करणारा नागपुरातला कारागीर माहीत असेल तर मेसेज करा. पावसाळ्याआधी उरकायचं आहे.